सातबारा कोरा आहे, पण झोन कुठला?

पुण्यात आयटीत काम करणारा सातारा-सांगलीकडचा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली, ऑनसाईटची एखादी वारी पदरात पडली, की तो जेवणाच्या टेबलावर गुंठ्यांत बोलायला लागतो. बाकीची मंडळी टू बीएचके, कार्पेट एरिया, क्लब हाऊस असलं काहीबाही बोलत असतात, आणि आमचे गडी मात्र "बायपासला लागून दोन गुंठे मिळतायत रे" म्हणत एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. (पुणेकरांसाठी खुलासा: एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.)

मग प्रश्न सुरू होतात. रेट काय? रोडटच आहे का? पाणी कुठलं? आणि शेवटी सगळ्यात जाणकार माणूस विचारतो, "सातबारा कोरा आहे ना?" आहे म्हटलं की सगळे समाधानानं मान हलवतात आणि ताक प्यायला लागतात.

एवढ्या टेबलांवर एवढी चर्चा ऐकली, पण "झोन कुठला आहे?" हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला हवा. रेटच्याही आधी. आणि सांगलीत तर हा प्रश्न कागदाचा नाहीच, पाण्याचा आहे. ते पुढे येईलच.

आपल्या भाषेत सांगतो. सातबारा म्हणजे फाईलचा ओनर कोण आहे ते. झोन म्हणजे त्या फाईलवर परमिशन्स काय आहेत ते. फाईल तुमच्या नावावर आहे म्हणून ती रन होईलच असं नाही, हे आपल्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये कळतं. पण तोच माणूस आयुष्यभराची बचत जमिनीत घालताना फक्त ओनर बघतो आणि खूश होतो. सातबाऱ्यावर मालक कळतो, क्षेत्र कळतं, बोजा कळतो, पीक कळतं. तिथे घर बांधता येईल का, हे सातबारा सांगत नाही. ते त्याचं कामच नाही.

ते काम आहे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं. या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो आणि शहराबाहेरच्या भागासाठी प्रादेशिक योजना होते. नकाशावर रंग भरले जातात. निवासी पट्टा पिवळा, शेतीचा हिरवा. आपले एजंट लोक ज्याला 'यलो झोन' आणि 'ग्रीन झोन' म्हणतात ते हेच. या रंगांच्या वर आणखी एक थर असतो, आरक्षणांचा. म्हणजे जमीन पिवळ्यात आहे, पण नेमक्या तुमच्या तुकड्यावर शाळा, बाग नाहीतर अठरा मीटरचा रस्ता दाखवलेला आहे. अशा आरक्षित जागेचं पालिकेनं दहा वर्षांत काही केलं नाही तर कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. ती दिल्यावर पालिकेला जागा ताब्यात घ्यायला आणखी मुदत मिळते (आधी ती सहा महिने होती, २००९ मध्ये बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस). त्या मुदतीतही काही हाललं नाही, तर आरक्षण उठतं. म्हणजे एकूण बारा वर्षं. आपल्या होमलोनचं निम्मं आयुष्य तिथे गेलं.

इथे हमखास एक एजंट मध्ये बोलतो. "साहेब, आता एनए लागतच नाही. सरकारनंच काढून टाकलंय."

हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानं जास्त लोक फसतात. शेतजमीन अकृषिक करायची परवानगी, म्हणजे आपलं एनए, हे महसूल खात्याचं प्रकरण. १९६६ च्याच महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं. ती अट सरकार २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं सैल करत आलंय. २०१७ च्या बदलानं तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही निवासासाठी वाट मोकळी करून दिली. पण यात सैल झाली ती कलेक्टर कचेरीतली फेरी. आराखड्यातला रंग त्यानं बदलला नाही. किंबहुना आराखड्यात जो वापर दाखवलाय तोच करायचा असेल तर वेगळ्या एनएची गरज काय, असाच त्यामागचा विचार होता. म्हणजे एनएची अट जितकी सैल होत जाईल तितकं झोनला महत्त्व वाढत जाईल. एजंट पहिलं वाक्य सांगतो आणि दुसरं गिळतो.

असो. आता सांगलीकडे वळतो, कारण हा विषय महाराष्ट्रात कुठे शिकायचा तर सांगलीत.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून शहराच्या कडेची शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली जात होती. रेखांकन मंजूर नाही, रस्ते नावापुरते, गटार नाहीच. घेणारे कोण? मार्केट यार्डातले हमाल, कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, शिक्षक. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं एवढ्या लहान तुकड्याची विक्रीच होऊ शकत नव्हती, म्हणून मग साठेखत करा, कुलमुखत्यारपत्र करा, नाहीतर एकमेकांशी काही नातं नसलेले दहाजण मिळून एकाच सातबाऱ्यावर नाव लावा. अशा जागेला बँक कर्ज देत नाही, म्हणून मग पतसंस्था, सावकार, बायकोचे दागिने.

ह्या सगळ्या वस्त्यांना 'गुंठेवारी' म्हणतात. सांगलीत गुंठेवारीवाल्यांनी संघटित होऊन मोर्चे काढले, वर्षानुवर्षं भांडले, आणि अखेर २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला. औरंगाबादसारख्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहरांनाही त्याचा उपयोग झाला, पण या विषयाचं माहेर सांगलीच. १ जानेवारी २००१ पर्यंत पडलेले भूखंड पैसे भरून नियमित करून घ्यायचे, आणि त्यानंतर मात्र अजिबात नाही, असा तो मामला होता.

'त्यानंतर अजिबात नाही' हे किती टिकलं? २०२१ मध्ये कायदा बदलला आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. वीस वर्षं सरळ पुढे. आपल्याकडे क्लायंट रिलीज दोन आठवडे पुढे ढकलतो तेव्हाही इतक्या सहज होत नाही हो. तुकडेबंदीचंही तेच. २०२५ मध्ये सरकारनं १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले निवासी भागातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची वाट काढली. जवळजवळ साठ वर्षांचा बॅकलॉग एका फटक्यात क्लोज.

माझं मत इथे थोडं गुंतागुंतीचं आहे. गुंठेवारीत राहणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. मंजूर रेखांकनातला प्लॉट त्याला परवडतच नाही. एक एकराचं रेखांकन करायचं तर दहा टक्के मोकळी जागा सोडा, नीट रुंदीचे रस्ते सोडा, गटार करा, लाईट आणा. हे सगळं झालं की उरलेल्या गुंठ्यांचा भाव हमालाच्या आवाक्याबाहेर जातो. आराखडा व्हायला आणि मंजूर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तेवढा वेळ माणसं हवेत राहू शकत नाहीत. त्यांना नियमित करून घेणं, नळ देणं, गटार देणं हे न्यायाचंच झालं.

पण आपण? महिन्याला पगार येतोय, बँक मागे लागून लोन देतेय, इंग्रजी वाचता येतंय, आणि तरीही आपण गुंठेवारीतला प्लॉट 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेतो. का, तर "आज ना उद्या रेग्युलराईज होतंयच की". ज्या सवलतीचा हेतू हमालाला छप्पर मिळावं हा होता, तिच्यावर आपण सट्टा लावतो, आणि त्या सट्ट्यानं हमालाचा भाव आणखी वाढतो. हे मला पटत नाही. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता पाणी.

नियमित होतो तो कागद. जमिनीची उंची नियमित होत नाही. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा. अख्खं शहर पावसाळ्यात या पुलाच्या आकड्यावर जगतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. त्याआधी २००५ आहेच, २००६ आहे. म्हणजे माझ्या वयाच्या सांगलीकरानं तिशीच्या आत चार मोठे पूर बघितलेत. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट ही नावं बाहेरच्या माणसाला टीव्हीमुळे माहीत झाली. शामरावनगरची तर गोष्टच वेगळी. तिथे नदी यायची वाट बघावी लागत नाही, नुसता पाऊस लागून राहिला तरी काळ्या मातीत पाणी महिनोन् महिने साचून राहतं.

यासाठी नकाशावर दोन रेषा असतात, आणि सांगलीत घर घेणाऱ्या प्रत्येकाला त्या पाठ असायला हव्यात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे थोडे अपवाद सोडून जवळजवळ अख्ख्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली (तिला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी यूडीसीपीआर म्हणतात). तिच्यानुसार नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. बाग करा, पार्किंग करा, नवीन घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे घर बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. समजा तुमचा प्लॉट लाल रेषेच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली आहे. म्हणजे तुम्हाला जोतं जवळजवळ अडीच मीटर, आठ फूट वर उचलायचंय. त्याखाली सांगलीची काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातलं फाऊंडेशन आधीच महाग. प्लॉट गुंठ्याला चार पैसे स्वस्त मिळाला म्हणून जो आनंद झाला होता, तो या एका ओळीत संपतो. आणि 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'आत्ता येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत' असा नाही, हे प्रोबॅबिलिटीचा पेपर दिलेल्या लोकांना सांगायला नको. दरवर्षी एक टक्का. तीस वर्षांच्या कर्जात तो एकदा तरी यायची शक्यता साधारण छब्बीस टक्के. निळ्या रेषेची हीच बेरीज केली तर सत्तर टक्क्यांच्या वर जाते. अर्थात हे नदी जुन्या हिशेबानं वागेल असं धरून; २००५ नंतर ती तशी वागतेय असं मला तरी वाटत नाही.

आपल्यापैकी बरेचजण टेक्सासला जाऊन आलेत. ह्यूस्टन हे अमेरिकेतलं असं मोठं शहर की जिथे झोनिंगचा कायदाच नाही, आणि त्याचा तिकडे अभिमानही आहे. २०१७ च्या हार्वे वादळात तिथे ॲडिक्स आणि बार्कर या दोन पूरनियंत्रण धरणांच्या मागे, म्हणजे पाणी साठवायच्या जागेतच, उभी राहिलेली हजारो घरं बुडाली. आपलं घर धरणाच्या पोटात आहे हे त्यातल्या कितीतरी लोकांना पाणी आत आल्यावर कळलं. तिथे नियम नव्हते म्हणून झालं, आमच्याकडे नियम असून झालं. घरात शिरलेलं पाणी दोन्हीकडे सारखंच गढूळ.

साताऱ्याचं दुखणं पाण्याचं नाही, उताराचं आणि हद्दीचं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग ग्रामपंचायतीतून नगरपालिकेत आले. माझी आत्या शाहूपुरीत राहते. ती आजही "आमची ग्रामपंचायत" असंच म्हणते. पण बांधकाम परवानगीचं दार बदललं, हे बऱ्याच जणांना घर वाढवायला काढल्यावर कळतं. तिथेच दुसरा गैरसमज भेटतो: "घरपट्टी भरतोय, नमुना आठला नोंद आहे, म्हणजे घर अधिकृतच." नाही. नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. कर अनधिकृत घरावरही बसतो.

उताराचं म्हणाल तर १:५ पेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगर-उतारावर बांधकामाला परवानगी नाही. साताऱ्यात 'व्ह्यू' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नेमकं तिथेच असतं. :-) यवतेश्वर-कास रस्त्यावरच्या विनापरवाना बांधकामांचा विषय किती वर्षं गाजतोय ते सातारकरांना सांगायला नको. महाबळेश्वर-पाचगणी तर २००१ पासून केंद्राच्या अधिसूचनेनं इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. आणि हिरव्या पट्ट्यात 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून पाच-पाच गुंठे विकणाऱ्यांना एकच विचारा. नियमावलीत फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन लागते. मग पाच गुंठ्यात ते कुठल्या नियमानं बसतं? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

आता करायचं काय? फार अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे. जागेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घ्यायचा. जागा पालिकेच्या हद्दीत असेल तर पालिकेच्या नगररचना विभागात, नाहीतर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात अर्ज करून दोन गोष्टी मागायच्या: झोन दाखला आणि भाग नकाशा. नुसता दाखला नको, नकाशाही हवाच. कारण इथे एक मेख आहे. दाखल्यावर पुष्कळदा लिहिलेलं असतं, 'गट नंबर अमुक, अंशतः रहिवास विभाग, अंशतः शेती विभाग'. आता अडीच एकराच्या गटातले तुमचे दोन गुंठे कुठल्या अंशात? एजंट अर्थातच पिवळ्या अंशात म्हणणार. मोजणीचा नकाशा आराखड्यावर बसवून बघितल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही. पूररेषेचंही तसंच, ती वेगळी विचारायची आणि लेखी घ्यायची. रेखांकन पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठं किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटचं असेल तर महारेराचा नंबर मागायचा. ते बंधन २०१७ पासून आहे, आणि नुसत्या प्लॉटनाही आहे.

गेल्या दिवाळीत मी सांगलीत एका एजंटाकडे भाग नकाशा मागितला. नाव कशाला घ्या. तो म्हणाला, "साहेब, नकाशाचं काय घेऊन बसलाय? समोर चार बंगले झाल्यात की. त्येंनी काय नकाशा बघितलावता?"

मी म्हटलं, "नसेल बघितला. एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं त्यांच्याकडे?"

"त्ये सगळ्यांकडंच आलंवतं की," म्हणाला, आणि लगेच चहा मागवला.

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, माझी ही चौकशी जरा अपमानास्पद वाटते. व्यवहार माणूस बघून करायचा असतो, कागद बघून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीला ते चाललंही, कारण विकणारा आणि घेणारा एकाच गावात जन्मभर एकमेकांसमोर येणार होते. आता विकणारा प्लॉटिंग संपलं की पुढच्या बायपासला गेलेला असतो.

सरकारची बाजू मात्र मी सोडणार नाही. माहिती 'उपलब्ध' आहे म्हणजे काय, तर नियमावली काहीशे पानांची आणि इंग्रजीत, आराखड्याचा नकाशा स्कॅन केलेला, झूम केला की गट नंबर विरघळून जातात. पूररेषा एका खात्याकडे, झोन दुसऱ्याकडे, सातबारा तिसऱ्याकडे. हे तीन थर एकावर एक ठेवून, गट नंबर टाकला की 'पिवळा, आरक्षण नाही, निळ्या रेषेच्या आत' एवढं मराठीत सांगणारं एक साधं पान प्रत्येक तलाठ्याच्या भिंतीवर हवं. यात तंत्रज्ञानाचं अवघड काहीच नाही, आपल्यातल्या चारजणांना ते जमेल. अवघड आहे ते हे की असं पान झालं की उद्या सकाळी बऱ्याच जमिनींचा भाव पडेल, आणि त्या कुणाच्या आहेत हे सगळ्या गावाला माहीत असतं.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती द्यायला महिना-दोन महिने मिळतात. त्या काळात नगररचना कार्यालयात गर्दी असते ती मोठ्या जमीनवाल्यांची आणि त्यांच्या वकिलांची. दोन गुंठेवाला तिथे फिरकत नाही, कारण त्याला ते छापून आल्याचंच कळलेलं नसतं. वास्तविक हरकत ही साध्या कागदावर लिहून देता येते, आणि तिची सुनावणी घ्यावी लागते.

मग सांगलीत जागा घ्यायचीच नाही का, असं मित्र विचारतात. घ्या की. २०१९ नंतर ज्यांना जमलं ते विश्रामबागेकडे, मिरज रस्त्याकडे, उंचावर सरकले. तिथले भाव त्यामुळेच चढलेत, आणि मला विचाराल तर ते जास्तीचे पैसे रास्त आहेत. फक्त त्यांनी मागे सोडलेली खालची घरं रिकामी नाहीत. तिथे आता भाडेकरू आहेत. भाडं कमी आहे, आणि घर देताना पूररेषेबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.